सूर्याकडे तोंड करून

आयुष्यात केलेल्या बहुतेक चुका मी सोयीस्कर विसरले आहे. एक मात्र तारखेसकट, वेळेसकट लक्षात आहे, कारण ती मला एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून द्यावी लागली होती. चूक होती वजाच्या एका चिन्हाची, आणि तिच्यापायी एका भल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडत चालला होता.

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा टेक्सासमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होते. नागपूरहून एमएस्सी करून आलेली, पंचविशीतली, आणि आईच्या शब्दांत सांगायचं तर नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेवर तयार निकाल. माझा विषय होता सूर्याचं चुंबकीय क्षेत्र. जवळच प्लेनो नावाच्या गावात वडिलांचे एक मित्र राहायचे, टेलिकॉम कंपनीत नोकरीला. त्या काका-काकूंकडे मी दर दोन आठवड्यांनी जेवायला आणि कपडे धुवायला जात असे. काका पक्के पुणेकर. "नागपूरकरांना सूर्य शिकायला अमेरिकेत कशाला यायला लागतं? मे महिन्यात सीताबर्डीवर उभं राहायचं, झाली डिग्री," असं ते प्रत्येक पाहुण्याला माझ्यादेखत सांगत. काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी खरा प्रश्न विचारला होता. "अगं, पण तिथं जाऊन मोजणार कोण?"

कोणीच जात नाही. जे काही कळतं ते इथं येणाऱ्या उजेडावरून. मी काकांचा गाडी चालवतानाचा पोलरॉइडचा गॉगल घेतला, लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरला आणि हळूहळू फिरवला. फिरवता फिरवता गॉगलमधून दिसणारी स्क्रीन काळी झाली, अजून फिरवल्यावर परत उजळली. म्हटलं, बघा, या उजेडाच्या लहरी एकाच दिशेनं हलताहेत आणि गॉगलला ते ओळखता येतं. चुंबकीय क्षेत्रातून निघालेल्या उजेडाचंही असंच काहीसं होतं. आम्ही तो तीन तऱ्हांनी मोजतो: आडवा-उभा किती, तिरका किती आणि गोल फिरणारा किती. गोल फिरणारा उजवीकडे फिरतोय की डावीकडे, यावरून क्षेत्र आपल्याकडे येतंय की सूर्याच्या आत जातंय ते कळतं. आडव्या आणि तिरक्यावरून ते कुठल्या बाजूला कललंय ते कळतं. सगळं जुळवलं की सूर्यावरच्या डागातल्या चुंबकीय रेषांना दोरीसारखा पीळ आहे का, आणि तो उजवा की डावा, हेसुद्धा सांगता येतं. माझा प्रबंध या पिळावर होता. काका म्हणाले, "पीळ बघायला सूर्यापर्यंत कशाला जायचं? आमच्या घरी ये." काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

आमची मोजमापं व्हायची न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरावर. प्लेनोहून दहा तासांचा रस्ता, त्यातले सात तास सपाट माळ आणि माना डोलावणारे तेलाचे पंप. शेवटी एकदम चढ लागतो, पाइनचं जंगल सुरू होतं आणि नऊ हजार फुटांवर पोचल्यावर जिना चढतानाही धाप लागते. तिथं एक जुनी सौरदुर्बीण होती आणि ती चालवणारे एक निरीक्षक होते. बासष्टीचे, पांढरी दाढी, उन्हानं रापलेली मान. वीस-बावीस वर्षं रोज सकाळी त्यांनी ती दुर्बीण सूर्यावर लावली होती. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत. मला ते काही जमेना. मी 'सर' म्हणायचे, तर ते मागे वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. मग मी काहीच म्हणेनाशी झाले. मनात मात्र त्यांना आजोबा म्हणायचे.

पहिल्यांदा गेले ती मार्चमध्ये. सूर्याचा उजेड दुर्बिणीतल्या आरशांवरून येता येता स्वतःच थोडा बिघडतो, म्हणून रोज सकाळी आधी दुर्बिणीची परीक्षा घ्यावी लागते, भाजी मोजण्याआधी तराजू बघून घ्यावा तशी. उजेडाच्या वाटेत दोन चकत्या असतात, एक पोलरॉइडची आणि एक स्फटिकाची. त्या ठरलेल्या कोनांत फिरवून प्रत्येक कोनाला मोजमाप घ्यायचं. दुसरीकडे हे काम मोटर करते. या दुर्बिणीवर ते आजोबांचा हात करायचा. ते चकती फिरवायचे, कोन मोठ्यानं म्हणायचे, "शून्य," मग "पंचेचाळीस," मग "नव्वद," आणि म्हणून झाल्यावरच वहीत लिहायचे. वहीतल्या सगळ्या वेळा ग्रीनिचच्या. जगातल्या सगळ्या वेधशाळांच्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून तसं करतात. मला दर वेळी बोटांवर तास मोजावे लागत, मार्चमध्ये सात, एप्रिलमध्ये घड्याळं पुढं सरकली की सहा. आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून थेट ग्रीनिचची वेळ लिहीत. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं एक छोटा सूर्य काढलेला असे, त्याच्याकडे बघणारा एक डोळा आणि डोळ्यापाशी एक वाकडा बाण. ढग सरायची वाट बघताना माणूस जे काय खरडतो, त्यातलंच असेल असं मी धरून चालले.

परत आल्यावर आकडे सोडवायला घेतले. त्यासाठी वेधशाळेचा एक जुना प्रोग्रॅम होता. कोणे एके काळी कोणीतरी लिहिलेला, एकाही ओळीचा खुलासा नसलेला. मला तो बघूनच राग आला. म्हटलं, हे असलं वापरण्यापेक्षा आपण नवा लिहू. त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चकतीच्या कोनाआधी एक वजा चिन्ह होतं. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी ते काढून टाकलं. कुणाला विचारलंही नाही.

पहिला नकाशा तयार झाला आणि त्यातलं चुंबकीय क्षेत्र चक्क उलटं आलं. त्याच दिवसाचा दुसऱ्या वेधशाळेचा नकाशा होता. त्यात जो डाग आपल्याकडे येणाऱ्या क्षेत्राचा, तो माझ्या नकाशात आत जाणाऱ्या क्षेत्राचा. माझे गाईड, एक शांत आणि कमी बोलणारे गृहस्थ, त्यांनी विचारलं, "काय झालं असावं?" मी दोन तासांत निदान केलं. स्फटिकाची चकती पाव फेरा चुकली तर फक्त गोल फिरणारा उजेड उलटा दिसतो, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. म्हणजे चकती चुकीची लावली गेली होती. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये गोल उजेडाच्या पुढं एक वजा घातला आणि दोन्ही नकाशे तंतोतंत जुळले. मग गाईडना मेल लिहिली. तिचे शब्द अजून पाठ आहेत: 'स्फटिकाची चकती नव्वद अंशांनी चुकीची लावली गेली असावी. निरीक्षकांनी यापुढे काळजी घ्यावी.' त्यातला 'असावी' शिष्टाचारापुरता होता, माझ्या मनात शंका अशी नव्हतीच. गाईडनी ती मेल वेधशाळेला पाठवून दिली.

त्यानंतर जे घडलं त्यानं मी हवेतच गेले. सूर्याच्या उत्तरेकडच्या डागांत पीळ बहुतेक एका बाजूचा असतो, दक्षिणेकडच्या डागांत दुसऱ्या बाजूचा. नियम म्हणावा इतकं ते पक्कं नाही, पण साधारण असं दिसतं. माझे सगळेच्या सगळे डाग या रिवाजाच्या उलट निघाले. शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मला आनंद झाला. पिळाचे नकाशे त्या काळी फारसे कुणाकडे नव्हते, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं. गाईडसुद्धा खुश झाले. नोव्हेंबरमधल्या एका परिषदेत माझं भाषण ठरलं, आणि मी आईला फोनवर सांगितलं की तुझ्या मुलीनं सूर्याचं काहीतरी नवीन शोधून काढलंय. आईनं गल्लीत पेढे वाटले.

जूनच्या अखेरीला परत डोंगरावर गेले. वहीत एक नवा रकाना आला होता: 'तपासलं'. आजोबांनी कोन लावला की शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञानं येऊन तो बघायचा आणि तिथं सही करायची, असा वरून हुकूम आला होता. आजोबा चकती फिरवायचे, कोन म्हणायचे आणि तंत्रज्ञ येईपर्यंत हात खाली सोडून उभे राहायचे. शाळेत उभं केलेल्या मुलासारखे. मला ते बघवत नव्हतं, पण शिस्त म्हणून बरोबरच आहे असंही वाटत होतं.

आणि चिठ्ठ्या दिसल्या. पिवळ्या, चिकटणाऱ्या. कॉफीच्या यंत्रावर 'बंद केलं'. घुमट उघडायच्या बटणाजवळ 'आधी कुलूप बघ'. फळ्याखाली 'गाडीची किल्ली: डावा खिसा'. मार्चमध्ये यातलं काही नव्हतं. मला वाटलं, झालं, माझं निदान बरोबरच होतं. बिचारे खरंच विसरायला लागलेत.

तिसऱ्या दिवशी ढग आले आणि आम्ही दोघं कॉफी घेऊन पायरीवर बसलो. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "ती चकती मी चुकीची लावल्याचं मला आठवत नाही. पण चुकीची लावली असती तर तेही आठवलं नसतंच, नाही का?"

मी कॉफीवर फुंकर घातली.

"माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "आधी बारीकसारीक. मग एक दिवस त्यांना आमच्या घराचा रस्ता सापडेना. माझी बायको म्हणते तुला काही झालेलं नाही. पण तिच्या म्हणण्याला काय अर्थ आहे? आकडे तर दुसरंच सांगतात." मग त्यांनी सांगितलं की त्यांनी नोकरी सोडायची सूचना दिली आहे. अजून दोन-तीन वर्षं करणार होते, पण आता ऑक्टोबरअखेर शेवट. डोंगरावरचं घर विकून मिशिगनला मुलीजवळ राहायला जायचं, डोकं जागेवर आहे तोवर.

यावर मी काय बोलले ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "होतं असं कधी कधी. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." अगदी मायेनं म्हणाले. त्यांनीही मान हलवली आणि माझे आभार मानले.

सप्टेंबरमध्ये काकांच्या घरी गणपती बसला. दीड दिवसाचा, शनिवारी आणून रविवारी उठवायचा, म्हणजे कुणाला रजा नको. काकांनी त्या वर्षी नवा कॅमकॉर्डर घेतला होता. दरवर्षी व्हिडिओत सगळ्यांच्या पाठी येतात, चेहरे येतच नाहीत, ही काकूंची जुनी तक्रार. म्हणून काकांनी शक्कल लढवली आणि कॅमेरा ट्रायपॉडवर गणपतीच्या मागं, पडद्याला लागून ठेवला. पुढच्या शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. समोर गणपतीची पाठ, मखराची मागची न रंगवलेली बाजू, आणि पलीकडं आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय. मधोमध काका तबक ओवाळताहेत.

काकू बडीशेप चघळता चघळता थांबल्या. "अहो, हे काय? तुम्ही आरती उलटी ओवाळलीत."

"उलटी कशी ओवाळेन? तीस वर्षं ओवाळतोय मी."

"मग बघा ना तुम्हीच. घड्याळाच्या उलट चाललंय तबक. एवढी पन्नास माणसं बोलावलेली. तुमचं सगळं लक्ष त्या कॅमेऱ्यात."

काकांनी रिमोटनं व्हिडिओ मागं नेला, परत बघितला. तबक खरंच उलटं फिरत होतं. त्यांचा चेहरा उतरला. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, हळू आवाजात म्हणाला, "मला तर नीट ओवाळल्याचं आठवतंय. पण चुकला असेल हात. वय झालं यार आता."

मला त्यांची दया आली आणि काकूंचा थोडा रागही. मी तावातावानं म्हणाले, "काकू, काही चुकलेलं नाही त्यांचं. कॅमेरा कुठं आहे ते बघा. तो गणपतीच्या बाजूनं बघतोय. काका मूर्तीकडं तोंड करून उभे आहेत, त्यांना जे घड्याळाच्या काट्यासारखं दिसतं, ते समोरून बघणाऱ्याला उलटंच दिसणार. ओवाळणारा बरोबरच असतो. आपण कुठल्या बाजूनं उभं राहून मोजतोय ते आधी…"

आणि मी थांबले.

काकू म्हणाल्या, "अगं, बोल ना पुढं." मला तो पेन्सिलीनं काढलेला सूर्य दिसत होता. सूर्याकडं बघणारा डोळा आणि डोळ्यापाशी वाकडा बाण. ते खरडणं नव्हतंच. आजोबा प्रत्येक पानावर सांगत होते की मी सूर्याकडं तोंड करून उभा आहे आणि इथून बघून, या बाजूला, कोन मोजतो आहे. आणि मी माझ्या प्रोग्रॅममध्ये सूर्याच्या बाजूनं बघत होते, उजेड जसा येतो तसा. त्यांचा पंचेचाळीस माझ्या हिशेबात उलट्या बाजूचा पंचेचाळीस होत होता. जुन्या प्रोग्रॅममधला तो बेवारशी वजा नेमका याचसाठी होता.

मी तशीच उठून विद्यापीठात गेले. काढलेला वजा परत घालायला एक मिनिट लागलं, नंतर घातलेला काढायला अर्धं. गोल उजेड आपसूक दुसऱ्या वेधशाळेच्या नकाशाशी जुळला. पण बाजू उलटी धरली की गोल उजेडाबरोबर तिरकाही उलटा होतो, आरशात बघितल्यासारखा. गोल मी हातानं सुलटा केला होता. तिरका मार्चपासून तसाच उलटा पडून होता, आणि त्यावरून मी पीळ काढला होता. आता पीळ फिरला. माझे सगळे डाग मुकाट्यानं चारचौघांसारखे झाले. माझा शोध म्हणजे काकांची उलटी आरती होती. शोधापेक्षाही मला ती पायरी आठवत होती, आणि मी मायेनं म्हटलेलं ते वाक्य.

सोमवारी गाईडना सगळं दाखवलं. त्यांनी दोन्ही नकाशे बराच वेळ बघितले. मला वाटलं भाषणाचं विचारतील, प्रबंधाचं विचारतील. ते एवढंच म्हणाले, "त्यांना कळवलंस?"

"नाही."

"मी मेल करू?"

मेलनं काय होतं ते मी बघितलं होतं. शिवाय वेधशाळेला गेलेली मेल साहेबांपर्यंत पोचेल, रकाना रद्द होईल, पण ज्या माणसानं स्वतःच्या खिशात काय आहे याची चिठ्ठी लावली आहे तो ती मेल वाचून काय समजेल? आपली समजूत घालताहेत, असंच. मी म्हणाले, मी जाऊन येते. भाषण रद्द केल्याचं पत्र त्याच दिवशी पाठवलं. आईला मात्र सांगायचा धीर व्हायला दोन महिने लागले.

काकूंना कळलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "दहा तास ड्राइव्ह करून? फोनवर सॉरी म्हटलं तर नाही चालणार का?" मग माझ्याकडं बघून स्वतःच म्हणाल्या, "नाही चालणार." निघताना त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा गाडीत ठेवला. माफी मागायला काय आणि लग्नाला काय, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही हा त्यांचा नेम. काका दारात उभे होते. या वेळी त्यांनी नागपूरची थट्टा केली नाही. म्हणाले, "त्या दिवशी टीव्हीसमोर पाच मिनिटं मला खरंच वाटलं होतं की माझं काहीतरी बिघडलंय. त्यांनी तर सहा महिने काढले. नीट सांग त्यांना."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचले. संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत नुसती बसून राहिले. सकाळी दुर्बिणीपाशी गेले तेव्हा आजोबा चकती लावून तंत्रज्ञाची वाट बघत उभे होते. मला बघून आश्चर्यानं हसले. म्हणाले, "तुझं नाव तर यादीत नाही या आठवड्यात. की आहे?" आणि लगेच भिंतीवरची यादी बघायला वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आलेली ती क्षणभराची भीती मी कधी विसरणार नाही.

"नाही आहे यादीत," मी घाईनं म्हणाले. "मी तुम्हाला भेटायला आलेय. मार्चमध्ये तुम्ही चकती बरोबर लावली होती. रोज. चूक माझी होती."

ते स्टुलावर बसले. मी वाटेत दहा तास घोकलेलं सगळं विसरले आणि भलतीकडूनच सुरुवात केली, जुना प्रोग्रॅम, काढलेला वजा, गणपती, कॅमेरा. गणपतीचं त्यांना काहीच कळलं नसणार. शेवटी मी वही ओढली, कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही प्रत्येक पानावर सांगितलं होतं. मी वाचलं नाही."

"दाखव," ते म्हणाले.

आम्ही चकतीपाशी गेलो. ते नेहमीसारखे सूर्याकडं तोंड करून उभे राहिले, मी पलीकडं त्यांच्याकडं तोंड करून. त्यांनी चकती फिरवली आणि मोठ्यानं म्हणाले, "पंचेचाळीस. कुठल्या बाजूला?" मी माझ्या बाजूनं दाखवलं. त्यांनी त्यांच्या बाजूनं दाखवलं. आमचे हात एकमेकांच्या विरुद्ध दिशांना गेले. त्यांनी ते तीन वेळा करायला लावलं.

मग ते भिंतीवरच्या फोनपाशी गेले आणि घरी फोन लावला. बायकोला म्हणाले, "इथं एक मुलगी आलीय, तिचं ऐक. नको, मी नाही सांगत. मी सांगितलं तर तुला वाटेल मी काहीतरी मनानंच रचतोय." आणि फोन माझ्या हातात दिला.

त्या बाईंना मी कधी भेटले नव्हते. मी माझं नाव सांगितलं, आणि सांगितलं की तुमच्या नवऱ्याची काहीही चूक झालेली नव्हती, ती माझी होती, मी ती उगाच त्यांच्यावर ढकलली, आणि मला फार वाईट वाटतं. मग त्या म्हणाल्या, "मी त्याला रोज सांगत होते." त्यांचा आवाज रागावलेला होता, आणि रागवायचा त्यांना पूर्ण हक्क होता. मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "हे लिहून देशील? आज ऐकेल तो. पण उद्या सकाळी उठून परत मला विचारेल, ते खरंच झालं होतं का म्हणून."

मी फोन ठेवला. टेबलावर त्यांच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. वरची एक घेतली आणि लिहिलं: 'मार्चमधले सगळे कोन बरोबर लावलेले होते. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, निरीक्षकांची नव्हती.' खाली सही केली आणि त्यांना दिली.

नंतरचं इथंच सांगून टाकते: त्यांनी नोकरी सोडायची सूचना मागं घेतली, घर विकलं नाही, आणि अजून तीन वर्षं दुर्बीण चालवली. लाडू त्यांना फार गोड लागले, तरी डबा परत आला तेव्हा रिकामा होता. पण त्या सकाळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. ते चिठ्ठी हातात धरून उभे होते, खिडकीच्या उजेडात एकदा वाचली, परत वाचली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला वाटत होतं की यांनी एकदा माझ्यावर ओरडावं.

"तारीख नाही घातलीस," ते म्हणाले.

मी चिठ्ठी परत घेतली आणि तारीख घातली.

"वेळ."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, नऊ वाजून चाळीस मिनिटं, आणि तसं लिहिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, दाढीवरून हात फिरवला, खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या आकड्यावर बारीक रेघ मारून शेजारी पंधरा-चाळीस लिहिलं.

"ही इथली वेळ झाली," ते म्हणाले. "नोंदीत ग्रीनिचची लिहायची असते. मार्चमध्ये सांगितलं होतं मी तुला."